अख्खा अल्बम सरळ वाजवा, नाहीतर पैसे परत द्या

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या गाण्यांच्या ॲपच्या फॅमिली प्लॅनचे वर्षाचे पैसे भरूनबी अल्बम धड ऐकायला मिळत नसल्याबद्दल

साहेब किंवा मॅडम, जे कोण वाचायलात त्यांना नमस्कार. वाचणारा माणूसच असावा अशी आशा आहे, कारण तुमच्या चॅटमधल्या मशीनला मी काहीबी लिहिलं तरी ते "ॲप काढून परत टाका" एवढंच सांगतंय. काढलं, परत टाकलं, डाऊनलोड केलेली सगळी गाणी उडाली, आणि तक्रार जिथल्या तिथंच.

मी लातूरचा. मोंढ्यात आडतीवर हिशोबाला असतो. सोयाबीनचा सीझन लागला की दिवसभर काटा, हमाली, पट्ट्या आणि शेतकऱ्यांचे फोन, त्यामुळं गाणं ऐकायचं ते रात्री दुकान बंद झाल्यावर, आणि तेव्हा मी एकेक गाणं ऐकत नाही, अल्बम ऐकतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठला एक प्रकार धरून बसलोय असंबी नाही. मेटल चालतं, गझल चालते, शास्त्रीय चालतं, पुतणीमुळं पॉपबी चालायलंय. म्हणूनच तुमचा महागातला प्लॅन घेतला, जाहिरातीत तुम्ही म्हणला होतात की जगातलं सगळं संगीत एका जागी. सगळं आहे, खोटं कशाला बोलू. पण ज्या पद्धतीनं तुम्ही ते कानात ओतायलात त्याला ऐकवणं म्हणत नाहीत.

आता बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' घ्या. मे 2024 चा अल्बम, दहाच गाणी, पाऊण तासाच्या आत संपतो. त्या पोरीनं अल्बम यायच्या आधी त्यातलं एकबी गाणं वेगळं सोडलं नव्हतं, का तर लोकांनी तो एकसलग ऐकावा. आणि तुमच्या ॲपवर मी त्या अल्बमचं हिरवं बटण दाबलं तर सुरू काय झालं, आठवं गाणं! मग तिसरं, मग कुणा दुसऱ्याच बाईचं गाणं, "तुम्हाला हे आवडेल" म्हणून. शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमानं वाजवायची सोय, बंद केलेलं असतंय हो, मी बघून घेतो, तरी नेट गेलं आणि परत आलं की ते आपोआप चालू. 'द ग्रेटेस्ट' हे गाणं कुजबुजल्यासारखं सुरू होतंय आणि शेवटाकडं असं काही उसळतंय की अंगावर काटा येतो, त्याच्या मागोमाग 'लामूर द मा वी' यायला पाहिजे, जे अर्ध्यातच कूस बदलून एकदम नाचायच्या ठेक्यावर जातंय. ती जागा तिनं विचार करून ठेवलीय. तिथं तुम्ही मधी दुसरंच काहीतरी घुसडलं तर तो झटका राहतोय कुठं? माझ्या मते अलीकडच्या पॉपमधला सगळ्यात नीट बांधलेला अल्बम तो हाय, आणि तोच तुम्ही सगळ्यात जास्त फोडायलात.

बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ची तर वेगळीच कथा. मार्च 2024 मधी आला, 27 तुकडे आहेत, त्यातले काही मिनिटभराचेबी नाहीत, कारण तो अख्खा अल्बम जुन्या रेडिओ स्टेशनासारखा रचलाय, मधी विली नेल्सन येऊन निवेदकासारखा बोलतोय, डॉली पार्टन बोलतीय, दोघंबी कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताचे जुने गायक. तुमच्या डाऊनलोडमधी हे छोटे तुकडे येतच नाहीत! ऑनलाइन दिसतात, ऑफलाइन गायब. त्यात लिंडा मार्टेलचं बोलणं आहे. 1969 साली ग्रँड ओल ओप्री या अमेरिकेतल्या नावाजलेल्या कंट्री कार्यक्रमाच्या स्टेजवर एकटीनं गाणारी पहिली काळी बाई ती, कंट्री संगीतातली, आणि या अल्बमात ती संगीताच्या प्रकारांचीच थट्टा करतीय, की हे कप्पे मोठे गमतीशीर असतात म्हणून. तिच्या नावाचाच छोटा तुकडा तुम्ही कापलात, आणि अल्बम टाकला "कंट्री" या कप्प्यात. तसा मला तो अल्बम लांबलाय असं वाटतं, सात-आठ गाणी कमी चालली असती, पण 'या या' नावाचं गाणं ऐकलं की सगळं माफ. 2025 च्या फेब्रुवारीत त्याला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, त्यावर बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली, माझं म्हणणं मिळालं ते बरोबर झालं.

कप्प्यांचा विषय निघालाच आहे तर मोकळं बोलू द्या. 'शक्ती' या ग्रुपचा 'धिस मोमेंट' 2023 मधी आला, 1977 नंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम, म्हणजे 46 वर्षांनी. झाकीर हुसेन, जॉन मॅकलॉफ्लिन, शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि तालवाद्यांवर सेल्वगणेश, ज्याचे वडील विक्कू विनायकराम पहिल्या शक्तीत घटम वाजवायचे. 2024 ला ग्रॅमी मिळालं. त्याच रात्री झाकीरभाईंना एकूण तीन मिळाले. आणि हा अल्बम तुमच्या ॲपवर मला कुठं सापडला माहितीय का? "झोप आणि ध्यान" मधी. पावसाच्या आवाजाच्या शेजारी. अहो, तबला आणि कंजिरा असे एकमेकांच्या अंगावर धावून जातात त्याच्यात, की झोपलेला माणूस उठून बसंल! कुणी ऐकून टाकलंय का नुसतं भारतीय नाव बघून टाकलंय? 15 डिसेंबर 2024 ला झाकीरभाई गेले, त्या आठवड्यात तुमचं ॲप उघडलं तर वरती त्यांचा फोटो आणि खाली "रिलॅक्स व्हा". लाज वाटायला पाहिजे होती. आणि वाजवणाऱ्यांची नावं? "शक्ती" एवढाच एक शब्द. माझ्या एका दोस्ताला मी अल्बम पाठवला, त्यानं विचारलं व्हायोलिन कुणाचं, तर ते सांगायला मला दुसरीकडं जाऊन शोधावं लागलं. कॅसेटच्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात का होईना, ढोलकीवाल्याचं, कोरसवाल्यांचं नाव असायचं. तुमच्याकडं तर कागदाचा खर्चबी नाही.

उलटबी घडतंय. दिल्लीचा ब्लडीवूड हा मेटल बँड, मार्च 2025 मधी त्यांचा 'नु दिल्ली' आला, आठ गाणी. ढोल, बासरी आणि त्याच्यावर दणदणीत गिटार, हिंदी-पंजाबीत किंचाळणं, मधी इंग्रजी रॅप, एका गाण्यात जपानचा बेबीमेटल आणि 'तडका' नावाचं एक गाणं चक्क खाण्यावर. पहिल्या 'रक्षक' अल्बमाएवढा राग यात नाही, मजा जास्त आहे, आणि मला तर ती मजाच आवडली. ते तुम्ही "पंजाबी पार्टी" मधी टाकलं. आमच्या वहिनींनी घरातल्या हळदीच्या कार्यक्रमाला ती यादी लावली, दोन गाणी नीट गेली, पोरं नाचली, आणि तिसऱ्याला जो काय हंबरडा फुटला स्पीकरमधून, सोयऱ्यातले एक आजोबा हातातली ताटली ठेवून उठले. कुणाला वाटलं स्पीकर फाटला. घरात अजून मलाच बोलायलेत.

द क्युअर या इंग्लंडच्या रॉक बँडचा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' ऐकलाय का तुमच्या कुणी? नोव्हेंबर 2024, सोळा वर्षांनी त्यांचा अल्बम आला, आठच गाणी. पहिल्या 'अलोन' मधी त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज यायलाच तीन मिनिटं लागतात, शेवटच्या 'एंडसाँग' मधी सहा मिनिटं नुसतं वाद्य वाजत राहतंय आणि मग तो गायला लागतो. म्हातारपण, भाऊ गेल्याचं दुःख, सगळं त्या थांबण्यात आहे. मला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात आवडता रॉक अल्बम विचारला तर मी हाच सांगीन, रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' चांगला असूनबी. आता तुमच्या ॲपवर नवीन अल्बमची जी झलक वाजतीय ती तीस सेकंदांची. तीस सेकंदात क्युअरची नुसती ढोलकी लागतीय हो, माणूस म्हणतोय यात गाणं कुठंय, आणि पुढं सरकतोय. तुमच्या धंद्यात तीस सेकंद वाजलं की गाणं ऐकलं असं मोजतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून तर आजकाल गाणाऱ्यांना पहिल्या झटक्यातच मुखडा उरकायची घाई लागलीय. क्युअरवाले त्या घाईत पडले नाहीत, आणि त्याची शिक्षा तुम्ही त्यांना द्यायलात.

रॅपर केंड्रिक लमारनं 'जीएनएक्स' 22 नोव्हेंबर 2024 ला कुणाला न सांगता टाकला, बारा गाणी, सुरुवातच मारियाची, म्हणजे मेक्सिकोचं पारंपरिक संगीत, गाणाऱ्या बाईच्या आवाजात. दणका अल्बम. पण माझ्या खात्यावर तो शिव्या गाळलेलाच वाजतोय, दर ओळीत एक भोक. मी पन्नाशीकडं झुकलेला माणूस आहे, मोंढ्यात रोज त्याच्यापेक्षा जास्त ऐकतो. पुतणीच्या फोनला ते गाळलेलं लावा ना, तिच्या फोनवर मात्र सगळं मोकळं!

पुतणीवरून आठवलं, ती अकरावीला आहे, क्लास, टेस्ट, परत क्लास, लातूर पॅटर्नचं तुम्हाला काय सांगायचं. तिला टेलर स्विफ्ट लागतीय. 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' एप्रिल 2024 मधी सोळा गाण्यांचा आला आणि दोन तासांनी वरून पंधरा, एकूण 31. मी तिला म्हणलं, अगं यातली निम्मी एकाच चालीवर आहेत, तर तिनं मला तासभर कोणतं गाणं कुणावर आहे ते समजावलं, मला अजून फरक कळला नाही. ते राहू द्या, आवड ज्याची त्याची. मुद्दा असा की तिची आणि माझी खाती वेगळी आहेत, तरी तिच्या ऐकण्यावरून मला सुचवायलात आणि माझ्यावरून तिला. परीक्षेच्या आदल्या रात्री तिला ब्लडीवूड कामून लावता?

आता मराठीचं. "मराठी, नवीन अल्बम" असं उघडलं की काय दिसतंय, आरत्यांचे जुनेच संग्रह नवीन फोटो लावून, रिमिक्स, आणि 'गुलाबी साडी'. गाणं चांगलं आहे, संजू राठोडचं मला कौतुकच आहे, जळगावकडच्या पोरानं देशभर मराठी वाजवलं. पण भीमसेन जोशींचा अभंग संपला की पुढं 'गुलाबी साडी', आराधी गाणं संपलं की 'गुलाबी साडी', हे काय चाललंय? 2024 मधीच क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' आलं, मराठीतलं हाऊस म्युझिक, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या परदेशी लेबलनं काढलं, ते तुमच्या मराठीत नाहीच, "डान्स, इंटरनॅशनल" मधी आहे. आणि आमच्याकडं तुळजापूरच्या वाटेवर जे आराधी गातात, गोंधळात जो संबळ वाजतो, ते "भक्ती" मधी, तिथंच सगळं कोंबलेलं, गाणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, "विविध कलाकार". त्या विविध कलाकारांना तुम्ही पैसे कुणाच्या नावानं पाठवता हे मला खरंच विचारायचंय.

तर मागणी साधी आहे. अल्बम लावला की अल्बमच वाजावा, लिहिलेल्या क्रमानं, संपला की गप्प बसावं. छोटे तुकडे डाऊनलोडमधी यावेत. वाजवणाऱ्यांची नावं द्या. शक्तीला झोपेतून आणि ब्लडीवूडला हळदीतून बाहेर काढा. मराठीचा कप्पा बघायला मराठी ऐकणारा एखादा माणूस ठेवा, पुण्या-मुंबईचाच पाहिजे असं नाही. हे जमत नसेल तर प्लॅनचे जेवढे महिने उरलेत तेवढ्याचे पैसे परत करा.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणं तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याच्या आत द्यायचा असतो, ते मी वाचून घेतलंय. पोच आली नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावणार, त्यानंतर लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला तिथं फी लागत नाही आणि वकीलबी लागत नाही, कागद नीट लावायची सवय आम्हा आडतवाल्यांना आहेच. प्लॅनच्या पावत्या आणि स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.

आपला,
एक पैसे भरणारा ग्राहक,
लातूर

ता.क. उत्तरात "एक महिना फ्री" चं कूपन पाठवू नका. जे धड वाजत नाही ते अजून महिनाभर फुकट ऐकून मी काय करू.