शिबिराचे वेळापत्रक शुक्रवारच्या सूर्यास्तावरून ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुटीत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, मुलांची आणि कुटुंबांची निवासी शिबिरे भरवू पाहणाऱ्या मंडळांसाठी, आणि त्यांना जागा देणाऱ्या रायगडच्या रिसॉर्टवाल्यांसाठी हे पत्र. या शिबिरांत बिनसते ते बहुधा शुक्रवारी दुपारीच.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे शुक्रवारी त्याच्या 18 मिनिटे आधी लागतात. तिथून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत स्वयंपाक, प्रवास, लिहिणे, फोन, दिव्याचे बटण, सगळे बंद. मुंबई-ठाण्याहून दुपारी दोनला बस काढली आणि वडखळला अडकली, की दिव्यांची वेळ रस्त्यातच टळते. सर्वांत बरे, गुरुवारी संध्याकाळीच पोचावे. ते जमत नसेल तर शुक्रवारी सकाळी आठच्या आत निघा. अलिबाग परिसराला मांडव्याची बोटही आहे, पण सामान आणि म्हातारी माणसे बरोबर असली की चढउतार जड जाते.

खोल्या घेताना कुलूप पाहून घ्या. कार्डाने उघडणारे दार शब्बाथला निरुपयोगी, आणि कार्ड काढले की खोलीतला दिवा-पंखा जातो ते वेगळेच. साध्या किल्लीच्या, तळमजल्यावरच्या खोल्या मागा. माणूस आला की आपोआप लागणारे व्हरांड्यातले दिवे दोन रात्री कायम चालू ठेवायला सांगा. हे शुक्रवारी संध्याकाळी नव्हे, आगाऊ रक्कम देतानाच ठरवावे. ज्या जिल्ह्यात या समाजाला ‘शनवार तेली’ म्हणत, तिथे शनिवारचा घाणा बंद का असे हे खरे तर कोणाला सांगावे लागू नये.

स्वयंपाकघराबाबत आमचे मत स्पष्ट आहे: मटणाचा हट्ट सोडा. शोहेटने (धर्मनियमाने जनावर कापणाऱ्याने) कापलेले मटण आणायचे, अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवायचे, तीनदा धुवायचे, आणि शेवटी आचाऱ्याने सवयीने त्यात दही किंवा तूप घातले की सगळी मेहनत वाया, कारण मांसात दुधाचे काहीच चालत नाही. नारळाच्या दुधात कर म्हटले तरी त्याचा हात सवयीच्या बरणीकडेच जातो. शाकाहारी स्वयंपाकघर मिळाले तर निम्मी काळजी मिटते. ते न मिळाले तर मासे चालतात, पण खवल्यांचेच; म्हणून खवले दिसतील असे अख्खे घ्या. सोललेल्या तुकड्यांवरून काही कळत नाही. तळायला कढई आणि तेल आपले न्यावे, कारण तिथल्या तेलात आदल्या रात्री कोळंबी तळलेली असते. अंडी एकेक करून वाटीत फोडा. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडे टाका. किद्दुशच्या (शब्बाथच्या सुरुवातीच्या प्रार्थनेच्या) शरबतासाठी काळे मनुके गुरुवारी रात्रीच भिजत घाला.

शनिवारचे गरम जेवण हा खरा पेच. मंद गॅसवर पत्रा ठेवून रात्रभर पातेली ठेवण्याची घरगुती रीत समुद्राकाठच्या उघड्या स्वयंपाकघरात चालवू नका. वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस मात्र सुटत राहतो. विजेचा हॉट केस सूर्यास्ताआधी चालू करून पूर्ण शिजलेले अन्न त्यात ठेवा. जनरेटर वीज जाताच आपोआप सुरू होतो ना, हे आधी एकदा मुख्य बटण बंद करून पाहा.

फक्त मुलांना नेण्यापेक्षा कुटुंबे न्यावीत असे आम्ही म्हणतो त्यामागे साधा हिशेब आहे. मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या किमान संख्येला, 13 वर्षांवरील दहा पुरुष लागतात आणि त्यांच्याशिवाय सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) वाचता येत नाही. नावनोंदणी करतानाच ही संख्या मोजा, आणि एखादा तापाने आडवा पडेल हे धरून 12 जण तरी ठेवा. मोबाइल आणि चित्रकला दोन्ही बंद असल्याने शनिवारची दुपार लहानांना फार लांब वाटते. मराठी कीर्तने पाठ असलेल्या आज्या तेव्हाच उपयोगी पडतात. त्या नसल्या तर गटप्रमुख अंताक्षरीवर वेळ मारून नेतात.

हावदालानंतर, म्हणजे शनिवारी रात्री शब्बाथ संपवणाऱ्या विधीनंतर, मलिदा (पोह्यांचा गोड प्रसाद) मुलांकडूनच करून घ्या. 40 जणांना 2 किलो पोहे आणि किलोभर साखर किंवा गूळ पुरतो. शिवाय चार-पाच नारळ, वेलची, सुकामेवा आणि फळे. पोहे भिजत ठेवू नका. धुवून चाळणीत निथळू द्या, नाहीतर गोड मिसळल्यावर लगदा होतो. नारळ मात्र शनिवारी अंधार पडल्यावरच खवायचे, म्हणून विळ्या मोजून न्या. एका विळीपुढे दहा पोरे ताटकळली की गोंधळ ठरलेला.

नवगावचे जुने दफनस्थान आणि अलिबागचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) रविवारी सकाळी दाखवावे. आपल्या वार्ताहरांनाही तीच विनंती: छायाचित्रकार शनिवारी न पाठवता रविवारी नऊला पाठवावा. तेव्हा फोटोला कोणी नाही म्हणणार नाही.

आपले,
शिबिरांची व्यवस्था पाहणारे काही कार्यकर्ते, ठाणे