मॅट्रिक्स कुठे ठेवू?

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचून हसू आलं. म्हणे, "धातूच्या पृष्ठभागाचे त्रिकोण पाडून त्यांच्या कडांवरचा करंट काढायचाय, एक लाख अननोन (अज्ञात संख्या) आहेत, मॅट्रिक्स कुठे ठेवू?" अरे, ठेवायचीच कशाला? लाख गुणिले लाख म्हणजे हजार कोटी संख्या, त्याही कॉम्प्लेक्स. डबल प्रिसिजनमध्ये प्रत्येकीला 16 बाइट, म्हणजे 160 जीबी. उद्या फ्रिक्वेन्सी दुप्पट केलीस की पृष्ठभागावरचे त्रिकोण चौपट, मेमरी सोळापट, आणि एलयूला (मॅट्रिक्स फोडून थेट उत्तर काढायच्या रीतीला) लागणारा वेळ चौसष्टपट. किती मशिनं घेशील?

जीएमआरईएसला (फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराजवळ जाणाऱ्या रीतीला) मॅट्रिक्स नकोच असते, तिचा वेक्टरशी गुणाकार तेवढा हवा असतो. ग्रीनगार्ड आणि रोखलिन यांनी 1987 मध्ये कणांसाठी फास्ट मल्टिपोलची जी युक्ती काढली, तीच पुढे लहरींना लावली गेली. जागेचे डबे पाडायचे, एका डब्यातल्या सगळ्या करंटचा परिणाम केंद्राशी गोळा करायचा, तो दूरच्या डब्याच्या केंद्रावर न्यायचा आणि तिथे वाटून टाकायचा. शेजारच्या डब्यांचा हिशोब मात्र थेट. डब्यांत डबे करत गेलास की एन वर्गाचं काम एन लॉग एनवर येतं (एन म्हणजे अननोन किती ते).

आता माझी फजिती ऐक. मोठ्या पत्र्यावर एक छोटा अँटेना होता, फीडजवळ (जिथून सिग्नल आत सोडतात तिथे) मेश, म्हणजे त्रिकोणांची जाळी, अगदी बारीक. मी डबे फोडत गेलो, पार वेव्हलेंग्थच्या विसाव्या भागापर्यंत. पहिल्याच इटरेशनला (फेरीला) रेसिड्यूअलच्या (उरलेल्या फरकाच्या) जागी 'नॅन', म्हणजे संख्याच नाही! तीन दिवस इंडेक्सिंगमधली चूक शोधली. चूक नव्हतीच. दोन केंद्रांमधलं अंतर लहरीच्या मानाने फार कमी झालं की परिणाम एका केंद्रावरून दुसऱ्यावर नेताना लागणाऱ्या स्फेरिकल हँकेल फंक्शनच्या वरच्या ऑर्डरी अफाट फुगतात, आणि पुढच्या वजाबाकीत सगळे अंक खाल्ले जातात. पाव वेव्हलेंग्थला थांबलो, आतलं सगळं थेट मोजलं, मेमरी थोडी जास्त गेली, पण गाडी चालली. फीडजवळ खरंच अतिबारीक मेश हवी असेल तर लो फ्रिक्वेन्सीचं वेगळं सूत्र घे. या नेहमीच्या सूत्राला ताणू नकोस.

तुझी दुसरी तक्रार, इटरेशनं संपत नाहीत ही, मल्टिपोलच्या माथी मारू नकोस. ती मॅट्रिक्स मुळातच तशी आहे. बंद वस्तूवर नुसतं ईएफआयई (विद्युतक्षेत्राचं इंटिग्रल समीकरण) लावलंस तर काही फ्रिक्वेन्सींना आतल्या पोकळीचा रेझोनन्स गळ्यात पडतो. सीएफआयई (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं एकत्र समीकरण) घे. उघड्या पत्र्याला ते चालत नाही, तिथे प्रीकंडिशनरच (मॅट्रिक्स आधी सोपी करून देणारा) शोधावा लागेल.

आणि लाखावर उडी मारायच्या आधी 2000 त्रिकोणांचा गोल घे. कडा 3000, म्हणजे अननोनही तेवढेच, पूर्ण मॅट्रिक्स जेमतेम 144 एमबी. ती भर, कुठल्याही रँडम वेक्टरशी थेट आणि मल्टिपोलने, अशा दोन्ही रीतींनी गुणून बघ. नंतर मी सीरीजशी, म्हणजे गोलासाठीच्या नेमक्या उत्तराशी, ताडून बघ. (मी म्हणजे तो गुस्ताव मी, मी नव्हे!)

कोड नंतर पाठव, आधी त्या दोन गुणाकारांतला फरक कळव.

तुझा,
मिलिंद