रात्रपाळीला माणसं किती, ते आधी छापा

मा. संपादक,
स. न.

वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेत उतरलेल्या कंपन्यांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. लॉबी, बाग, ग्रंथालय, फिजिओथेरपीची खोली, सगळ्याचं वर्णन आहे. रात्री एका मजल्यावर माणसं किती असतात, याचा मात्र उल्लेखही नाही.

माझी आत्या पक्षाघातानंतर अशाच एका कंपनीच्या केंद्रात होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे प्रवेशाच्या वेळीच फाइलवर लिहिलेलं. पलंगाच्या पायथ्याशी तक्ता लटकवलेला असे: वेळ, कूस, सही. एकदा तिला ताप होता म्हणून मला उशिरापर्यंत थांबू दिलं. रात्री दहाच्या सुमारास तक्ता हातात घेतला, तर बाराच्या, दोनच्या आणि पहाटे चारच्या रकान्यांत सह्या होऊन गेलेल्या. डावी, उजवी, पाठ, सगळं व्यवस्थित भरलेलं. इकडे माकडहाडावरची कातडी लाल झाली होती आणि बोटाने दाबूनही पांढरी पडत नव्हती. पुढे तिथेच जखम झाली. बेडसोअर खोल गेला की महिनोन्‌महिने भरत नाही, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर जीवही जातो.

सही करणाऱ्या मुलीवर माझा राग नाही. अख्खा मजला तिच्या एकटीच्या गळ्यात होता. अंगाने जड पेशंटची कूस बदलायला चादरीच्या दोन्ही बाजूंना माणूस लागतो. एकटीने ओढलं तर कातडी घासून जखम उलट लवकर होते. व्यवस्थापकांकडे गेले, तर ‘मॅडम, सगळं रेकॉर्डवर आहे’ असं उत्तर मिळालं. अहो, रेकॉर्डच तर मी त्यांच्यासमोर धरलं होतं! बिलात नर्सिंगचे पैसे मात्र चोवीस तासांचे.

लेखक म्हणतात, स्पर्धा वाढली की दर्जा सुधारेल. कसा? इथला ग्राहक अंथरुणाला खिळलेला, कित्येकदा बोलताही न येणारा. तो उठून दुसरीकडे जाणार आहे का? या धंद्यात सर्वांत मोठा खर्च पगारांचा, त्यामुळे नफा वाढवायचा म्हटलं की कात्री तिथेच लागते. फ्रान्समधल्या ऑर्पेआ कंपनीवर २०२२ मध्ये डायपर आणि जेवणातही हात आखडता घेतल्याचे आरोप झाले. पुढे ती सरकारी वित्तसंस्थेच्या नेतृत्वाखालच्या गटाच्या ताब्यात गेली. ब्रिटनमध्ये सदर्न क्रॉस भाड्याच्या इमारतींत केंद्रं चालवत होती. भाड्याचा बोजा पेलेना, २०११ मध्ये कंपनी कोसळली आणि सुमारे ३१ हजार वृद्धांचं काय करायचं, असा प्रश्न उभा राहिला. हे लेखकांना माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

प्रत्येकाने आपलं माणूस घरीच सांभाळावं, असं मी म्हणणार नाही. त्यात कंबरडं मोडलेल्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत. ही केंद्रं हवीतच. पण त्या त्या रात्री मजल्यावर पेशंट किती आणि ड्यूटीवर कोण, हे दारावर लिहिण्याची सक्ती करा. तपासणी न कळवता आणि रात्री व्हायला हवी. नातेवाइकांना भेटीची वेळ संपली म्हणून बाहेर काढायचं आणि आत काय चालतं ते तक्त्यावरून समजून घ्यायला सांगायचं, हे बंद झालं पाहिजे.

आणखी एक. लेखात ज्या कंपनीचं सर्वाधिक कौतुक आहे, तिचीच पानभर जाहिरात समोरच्या पानावर आहे, आणि लेखाच्या शेवटी नोंदणीसाठी फोन नंबरही दिला आहे. हा मजकूर पैसे घेऊन छापला असेल, तर त्यावर ‘जाहिरात’ असं ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. तुमच्या पेपरात आलंय म्हणून विश्वास ठेवून लोक डिपॉझिट भरतात. याचा खुलासा आपण याच सदरात करावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक