पगारवाढीआधी हजेरीपट तपासा

महोदय,

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत पगारवाढीच्या कराराची वेळ आली की गेटवर एकच विषय असतो: किती हजारांवर सुटणार? 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आता त्याआधी पाहायचे ते बोलणी करायचा हक्क कोणाला आहे हे.

कारखान्यात दोन-तीन युनियन असतील, तर हजेरीपटावरच्या किमान 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियनच एकटी वाटाघाटी करू शकते. राज्याच्या 1971 च्या कायद्यात मान्यतेला 30 टक्के सभासद पुरत. समजा, 180 परमनंट आणि 150 फिक्स्ड टर्म, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावरचे, कामगार आहेत. फिक्स्ड टर्मवाले कंपनीच्याच पटावर, म्हणून बेरीज 330 आणि लागणारे कामगार 169. 160 परमनंट सभासद असलेली जुनी युनियनही इथे कमी पडते. मग निदान 20 टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद बसते, आणि त्यांच्यातली फूट व्यवस्थापनाच्या पथ्यावर पडते. ठेकेदाराच्या पटावरचे कंत्राटी आणि शिकाऊ उमेदवार या मोजणीत नाहीत. मुदतीवरच्या पोरांना सभासद न करण्याची आपल्या युनियनांची खोड आता महागात पडेल.

दुसरा घोळ पगारस्लिपमध्ये आहे. एकूण 40,000 रुपयांत बेसिक आणि महागाई भत्ता 14,000 असेल, तर बाकीचे भत्ते निम्म्याहून 6,000 ने जास्त होतात. नव्या संहितांनुसार तेवढे वेतनात धरायचे, म्हणजे वेतन 20,000. ग्रॅच्युइटी 15/26 च्या हिशेबाने (26 दिवसांचा महिना धरून 15 दिवसांचे वेतन) दर वर्षाच्या सेवेमागे 8,077 ऐवजी 11,538 रुपये. हा कायद्यानेच आलेला खर्च सीटीसीत (कामगारामागे कंपनीच्या एकूण खर्चात) घालून ‘पगारवाढ’ म्हणून दाखवला जाण्याची शक्यता मोठी. म्हणून ठरलेली वाढ ग्रॅच्युइटी आणि पीएफमधला मालकाचा हिस्सा सोडून आहे, असे करारात स्वतंत्र कलम हवे. पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापत असतील तर फरक किरकोळ. पूर्ण वेतनावर कापत असतील तर हातातला पगार महिना 720 रुपयांनी घटतो, हे सभासदांना सहीआधी सांगावे.

संपाचा धाकही पूर्वीसारखा राहिलेला नाही. 14 दिवसांची नोटीस द्यायची. वाद मिटवणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्याची पहिली बैठक झाली की समेटाची कार्यवाही संपेपर्यंत आणि पुढे 7 दिवस संप करता येत नाही. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तरी तो संपच. तेव्हा मागणीपत्रक करार संपायच्या चार-सहा महिने आधी द्यावे, आणि सभासद नोंदणी त्याच्याही आधी उरकावी.

— कामगार कायद्याचे एक अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर