ज्यांनी ब्रश माझ्या हातातून घेतला नाही, त्या काकांना

काळाचौकी, मुंबई
ऋषिपंचमी

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

परवा रात्री शेवटच्या मूर्ती कारखान्यातून रवाना झाल्या आणि तुम्ही तशाच दमल्या अंगाने गावची गाडी पकडलीत, त्यामुळे तुमचे आभार मानायचे राहून गेले. समोर असता तरी तुम्ही मला ते पुरते मानू दिले नसते. ‘आभार कसले, ताई’ असे म्हणून पुढच्या मूर्तीकडे वळला असता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण बाबांच्या कपाटावर आज जे छोटे प्लास्टिकचे विमान उभे आहे ते पाहणारा प्रत्येक जण फक्त माझेच कौतुक करतो आणि ते ऐकून घेताना मला अवघडल्यासारखे होते.

हेच विमान का, हे तुम्ही कधी विचारले नाहीत. बाबा 1969 साली नौदलाच्या गोदीत फिटरची उमेदवारी करू लागले. दोन वर्षांनी पाकिस्तानशी युद्धाला तोंड लागले तेव्हा ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या चार बॉयलरांपैकी एक निकामी होता, आणि उरलेल्या तिघांवर ती बंगालच्या उपसागरात उभी राहिली. 4 डिसेंबर 1971 रोजी तिच्या डेकवरून उडालेल्या सी हॉक या लढाऊ विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव इथल्या तळांवर हल्ले केले. बाबा तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि गोदीतच होते. पण त्या जहाजाच्या पोटात आपण हात काळे केले आहेत, ही गोष्ट त्यांनी जन्मभर जपली. 1997 मध्ये ‘विक्रांत’ निवृत्त झाली, पुढे काही वर्षे तिचे संग्रहालय होते, आणि 2014 मध्ये तिची तोडणी सुरू झाली ती आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या दारूखान्यात, जिथे जुनी जहाजे तोडतात. त्या महिन्यांत बाबा एकदाही तिकडे फिरकले नाहीत. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती, तेव्हा त्यांना सी हॉकचे मॉडेल द्यावे, विकत आणलेले नव्हे तर स्वतःच्या हाताने जोडलेले आणि रंगवलेले द्यावे, असे माझ्या मनाने घेतले.

सुटे भाग जोडून मॉडेल करायचे ते किट 1:72 प्रमाणाचे होते, म्हणजे खऱ्या विमानातील सहा फूट अंतर मॉडेलवर एक इंच होते. जवळजवळ बारा मीटर लांबीचे सी हॉक त्या हिशेबाने सतरा सेंटिमीटरांत मावते, तळहातावर घेतले तर बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत. जोडणीत मला फारशी अडचण आली नाही. भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यातून ते कापावे, त्यांच्या कडा घासाव्यात, दोन भाग जुळवून धरून सांध्यावर पातळ सिमेंटचा ब्रश टेकवावा, की ते सिमेंट आपोआप फटीतून धावत जाते आणि प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करते. विमान तीन चाकांवर उभे राहायचे तर नाकात वजन हवे, नाहीतर ते शेपटीवर बसते. त्यासाठी भाऊच्या धक्क्याजवळून मासेमारीच्या गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि कॉकपिटच्या पुढच्या पोकळीत घट्ट चिकटवल्या. अडले ते एकाच ठिकाणी. सी हॉकच्या इंजिनाचा धूर शेपटीतून बाहेर पडत नाही; नळी आतच दुभंगते आणि पंखांच्या मुळामागे दोन्ही बाजूंना एकेक तोंड उघडते, म्हणजे धडाचा मागचा भाग इंधनासाठी मोकळा राहतो. रचना सुंदर आहे, पण त्या तोंडांच्या कडेचा सांधा इतका आत आणि इतका गोलाकार आहे, की तिथे बोट जात नाही आणि फट बुजवायला पुट्टी भरली तरी ती घासता येत नाही. तो सांधा तसाच ठेवून मी रंगाला हात घातला, आणि इथून पुढचे तुम्हाला माहीत आहे.

तरी ते लिहिते, कारण तुमची मदत केवढी होती हे त्याशिवाय वाचणाऱ्याला कळणार नाही. जुलैच्या धो-धो पावसात, खिडक्या बंद केलेल्या खोलीत, मी डबीतला इनॅमल रंग न पातळ करता विमानावर चढवला. ब्रशच्या केसांच्या रेघा उठल्या, पंखांवरच्या पत्र्यांच्या जोडरेषा बुजल्या, आणि दोन दिवसांनी सुकला असेल म्हणून विमान उचलले तर डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, अगदी वळ्यावळ्यांसकट. त्याच संध्याकाळी मी आमच्या गणपतीचा पाट द्यायला तुमच्या कारखान्यात आले होते. तुम्ही एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता. एक डोळा पूर्ण होता, दुसरा कोरा. मी काही न बोलता उभी राहिले, आणि तुम्ही वर न बघताच विचारलेत, ‘ताई, आज चेहरा का उतरलाय?’

दुसऱ्या दिवशी रात्री दहा वाजता, दिवसभराचे काम आटोपल्यावर, तुम्ही ते विमान हॅलोजनच्या उजेडात तिरपे धरून पाहिलेत. वाईट झाले आहे असे तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत: रंगवण्याआधी धुतले होते का, अस्तर दिले होते का, आणि रंग किती पातळ केला होता. तिन्हींचे उत्तर नकारार्थी होते. मी नेलपेंट काढायचे द्रावण आणून रंग उतरवते म्हणाले, तेव्हा तुम्ही मला थांबवलेत आणि उरलेल्या फ्रेमच्या तुकड्यावर आधी एक थेंब टाकून बघायला सांगितलेत. तो तुकडा पाहता पाहता मऊ झाला आणि त्याची कड बोटाला चिकटून तार निघाली. तो थेंब पंखावर पडला असता तर या पत्राला कारणच उरले नसते. मग टर्पेंटाइनचा थेंब दुसऱ्या तुकड्यावर टाकला; त्याने प्लास्टिकला काही झाले नाही. इनॅमल अजून पुरता वाळलेला नव्हता, म्हणून जुन्या सुती धोतराच्या बोळ्याने तो निघाला. माझ्या ज्या घाईला मी दोष देत होते, तिच्यामुळेच रंग काढणे सोपे गेले, हेही तुम्हीच दाखवून दिलेत.

प्लास्टिकच्या विमानाला तुम्ही त्यापूर्वी कधी हात लावला नव्हता. तरी मला जे मिळाले ते सगळे तुमच्याच कामातून आलेले होते. आत न पोहोचणाऱ्या त्या सांध्यासाठी तुम्ही बांबूच्या काडीचे टोक गोल तासून त्यावर पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून दिलीत, आणि पंधरा दिवस जे जमत नव्हते ते अर्ध्या तासात जमले. भांडी घासायच्या साबणाने विमान धुऊन घेतले, म्हणजे साच्याचे तेल आणि हाताची स्निग्धता गेली. मग करड्या प्रायमरचे अस्तर. मग पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक रंग, चिनी मातीच्या बशीत इतका पातळ केलेला, की बशी कलती केल्यावर थेंब सरसर उतरे आणि मागे उरलेल्या ओघळातून बशीचे फूल दिसत राही. पहिला हात दिल्यावर विमान इतके डागाळलेले दिसले, की मला पुन्हा रडू फुटायचे बाकी होते. ‘पहिला हात बघायचा नसतो, ताई, चौथा बघायचा,’ असे तुम्ही म्हणालात. ओल्या रंगावर ब्रश परत न्यायचा नाही. चुकले तर चुकू द्यायचे, वाळल्यावर पुढच्या हातात ते झाकले जाते. एक हात नाकाकडून शेपटीकडे, तर दुसरा त्याला आडवा. पावसाळी हवेसाठी तुम्ही मूर्ती सुकवायच्या दिव्यांचीच युक्ती लहान केलीत: खोक्यात एका कडेला साधा बल्ब, दुसऱ्या कडेला विमान, आणि आत हाताला सोसेल तेवढीच ऊब, कारण त्याहून जास्त झाली तर पंख वाकतील. खोके झाकलेले असल्यामुळे धूळही बसली नाही. पाचव्या हातानंतर वरचा गडद करडा रंग असा एकसारखा झाला, की त्यावर ब्रशची एकही रेघ शोधून सापडत नाही. तो करडा काळ्या-पांढऱ्यातून होणार नाही, त्यात निळा आहे, हे छायाचित्र पाहताच ओळखलेत तेही तुम्हीच.

आता त्या वर्तुळांविषयी लिहायला हवे. किटमध्ये चिन्हे होती ती ब्रिटिश नौदलाची. बाबांच्या विमानाला केशरी, पांढरे आणि हिरवे हवे होते, आणि ते बाहीच्या बटणाएवढ्या वर्तुळांत हाताने रंगवायचे होते. मी बाजारातला सर्वांत बारीक ब्रश आणला होता. तुम्ही तो बाजूला ठेवून तुमचा 1 नंबरचा सेबल ब्रश मला दिलात. पाच केसांच्या ब्रशला रंग धरवत नाही, टोक टेकायच्या आत तो वाळतो. ब्रश भरलेला हवा, फक्त त्याचे टोक सुईसारखे जुळलेले हवे, हे तुमचे म्हणणे मला पहिल्याच रेषेला पटले. कंपासात पेन्सिलीच्या जागी पात्याचा तुकडा बसवून मास्किंग टेपमध्ये वर्तुळ कापले आणि गडद करड्यावर आधी पांढऱ्याचे तीन पातळ हात दिले, कारण केशरी रंग करड्यावर थेट दिला तर मळकट दिसतो. मग तुम्ही मूर्तीचा लहान फिरता पाट माझ्यासमोर सरकवलात, विमान त्यावर ठेवायला लावलेत, आणि दोन्ही कोपर टेबलावर, उजवी करंगळी डाव्या मनगटावर टेकवून बसायला सांगितलेत. हात जागचा हलवायचा नाही, विमान फिरवायचे. मधला हिरवा ठिपका बुबुळासारखा काढायचा: मध्यावर रंगाचा थेंब ठेवायचा आणि तो आतून बाहेर, आखलेल्या रेषेपर्यंत हळूहळू फुगवत न्यायचा.

पहिले वर्तुळ, डाव्या पंखाच्या खालचे, मी बिघडवले. केशरी कड एका जागी पांढऱ्यात घुसली. मी ब्रश तुमच्यापुढे धरला आणि म्हणाले, ‘काका, एवढे तुम्हीच करा, उरलेली मला जमणार नाहीत.’ सीझनचे दिवस होते, तुमच्या मागे भिंतीला लागून कितीतरी मूर्ती आखणीची वाट पाहत होत्या, आणि ती उरलेली वर्तुळे तुम्ही दहा मिनिटांत संपवून मला घरी धाडू शकला असता. तुम्ही हात पुढे केला नाहीत. तुम्ही स्टूल ओढून माझ्या शेजारी बसलात आणि पुढचे वर्तुळ होईपर्यंत काही न बोलता बसून राहिलात. त्या संपूर्ण महिन्यात तुम्ही एकदाही ब्रश माझ्या हातातून घेतला नाहीत. काका, ज्याच्या बोटांत ते काम इतके सहज आहे, त्याला दुसऱ्याच्या चुका होताना हात आवरून बसणे किती कठीण जात असेल, हे मला तेव्हा कळले नाही. परवा भाचीला जोडणी शिकवताना माझाच हात तीनदा पुढे गेला, तेव्हा कळले.

बाबांना विमान दिले त्या सकाळी त्यांनी चष्मा पुसला, मग ते खिडकीपाशी नेले. आधी पंखाच्या मुळामागची ती दोन तोंडे पाहिली आणि तिथून बोट फिरवत धडापर्यंत आणले, सांधा लागतो का ते पाहत. फिटरचे बोट आहे ते. त्याला सांधा लागला नाही. मग त्यांनी विमान उलटे केले आणि डाव्या पंखाखालचे वर्तुळ बराच वेळ पाहिले. मी ते पुन्हा रंगवले नव्हते. ‘हे तू पहिलं काढलंस,’ असे ते म्हणाले, आणि पुढची सगळी वर्तुळे एकेक करून पाहून झाल्यावर विचारले, ‘शिकवलं कुणी?’ मी तुमचे नाव सांगितले. तेव्हापासून ते सारखे विचारतात, तुम्ही गावाहून कधी येणार.

तेव्हा आलात की एका संध्याकाळी घरी चहाला या. तुमचा फिरता पाट मी कारखान्यात परत ठेवला आहे, पण 1 नंबरचा ब्रश अजून माझ्याकडेच आहे. साबणाच्या पाण्याने धुऊन, टोक ओठांत जुळवून, केसांना काही टेकणार नाही असा पेल्यात उभा ठेवला आहे. तुम्ही याल तेव्हा तो तुमच्या हातात देईन.

आपली कृतज्ञ,
पाट द्यायला आलेली ताई