नकाशावरच्या पांढऱ्या गोलात काय आहे?

महोदय,

उपनगरांच्या जलद वाहतूक जाळ्याचा आराखडा कालच्या अंकात तुम्ही पानभर छापलात, त्याबद्दल आभार. पण दोन मार्गिका जिथे छेदतात तिथे एक पांढरा गोल, खाली ‘अदलाबदल स्थानक’ (म्हणजे गाडी बदलायची जागा), आणि त्या गोलाच्या आत काय आहे याबद्दल अख्ख्या लेखात अवाक्षर नाही, हे वाचून संताप आला. ते जाळे आहे की नुसत्या सुट्या रेघा, हे त्या गोलातच ठरते.

शहराकडे जाणारी मार्गिका उन्नत, उपनगरांना आडवी जोडणारी भुयारी आणि मध्ये ३०० मीटरचा पादचारी पूल, असे चौकटीत दिले आहे. सेकंदाला १.२ मीटर या सर्वसाधारण चालीने त्या पुलालाच चार मिनिटांहून जास्त लागतात. दोन फलाटांच्या पातळीत २५ मीटरचा फरक धरला, तर सेकंदाला अर्धा मीटर सरकणाऱ्या जिन्यावर आणखी पावणेदोन मिनिटे जातात, कारण ३० अंशांच्या चढावर उंची त्याच्या निम्म्याच वेगाने कापली जाते. गर्दीची वेळ सोडून दर सहा मिनिटांनी गाडी धरली, तर सरासरी तीन मिनिटे थांबणे. झाली नऊ मिनिटे, तीही गर्दी आणि सामान न धरता. शिवाय प्रवाशाला असे चालण्या-थांबण्याचे एक मिनिट गाडीतल्या जवळपास दोन मिनिटांइतके जड वाटते, असे नियोजनात धरले जाते. या उपनगरातून त्या उपनगरात जाणारा माणूस दुचाकीच काढणार.

यावरचा उपाय जुना आहे. दोन्ही मार्गिकांच्या गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना आणायच्या. हाँगकाँगमध्ये माँग कॉक आणि प्रिन्स एडवर्ड या शेजारच्या स्थानकांवर हे विभागून केले आहे: एका ठिकाणी त्याच दिशेची गाडी समोर मिळते, दुसऱ्या ठिकाणी उलट दिशेची. त्यासाठी दोन्ही मार्गिका अशा दोन लागोपाठच्या स्थानकांदरम्यान समांतर न्याव्या लागतात आणि रूळ एकमेकांच्या वरून-खालून ओलांडावे लागतात. म्हणून दुसऱ्या मार्गिकेची जागा पहिल्या मार्गिकेच्या बांधकामातच राखावी लागते. नाहीतर नंतर चालू गाड्यांच्या शेजारी भिंती फोडणे आले, आणि मग तडजोड म्हणून पुन्हा पूलच बांधला जातो.

फलाट जुळला तरी वेळापत्रक जुळायला हवे. रात्री एका मार्गिकेवर दर १० मिनिटांनी आणि दुसरीवर दर १५ मिनिटांनी गाडी ठेवली, तर दोन्ही गाड्या एकत्र येतात अर्ध्या तासाने एकदा. दोन्हीकडे १२ मिनिटे करा: तासाच्या एकूण गाड्या तितक्याच, दहा, आणि प्रत्येक गाडीला जोड मिळते. तिकिटाचेही तसेच. गाडी बदलली म्हणून किमान भाडे दुसऱ्यांदा घेऊ नये. भाडे निघाल्यापासून पोहोचेपर्यंतच्या प्रवासाचे असावे. हॅम्बुर्गमध्ये वेगवेगळ्या वाहतूक संस्था एका भाड्यासाठी १९६५ सालीच एका संघात आल्या.

स्थानकापासून पुढे ने-आण करणाऱ्या फीडर बसचा उल्लेख आहे, पण स्थानकाशी बस उभ्या करायच्या थांब्यांची संख्या नाही. दर चार मिनिटांच्या प्रत्येक गाडीतून बससाठी १८० माणसे उतरली, तर ६० जणांच्या तीन बस लागतात. प्रत्येक बस सहा मिनिटे उभी राहिली, तर निदान पाच थांबे हवेत. चित्रात दोनच दिसतात. उरलेल्या बस रस्त्यावर उभ्या राहतील आणि मागच्या बसना आत शिरता येणार नाही.

आणखी एक. ‘तासाला ४०,००० प्रवासी’ हा मथळा कोणत्या हिशेबाने दिलात? सहा डब्यांच्या गाडीत दाटीवाटीने १,५०० माणसे धरली, तरी एका दिशेला तासाला २७ गाड्या लागतील, म्हणजे सुमारे सव्वादोन मिनिटांना एक. तुमच्याच चौकटीतल्या चार मिनिटांनी १५ गाड्या होतात आणि प्रवासी २२,५००. आकडा छापताना डब्यांची संख्या आणि दोन गाड्यांमधले अंतर शेजारी द्यावे, ही विनंती.

आणि त्या पांढऱ्या गोलाचा उभा छेद, म्हणजे वरपासून खालपर्यंत कापून दाखवलेले चित्र, मागवून छापा. पहिल्या मार्गिकेच्या स्थानकांची निविदा निघण्यापूर्वी छापलात, तरच त्यात काही बदलता येईल.

आपला,
एक वाचक