खिडकीला लावलेले गोणपाट

खानापूर, जि. बेळगाव
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत तू माझ्या उशाशी ठेवून गेलेली ‘जायंट्स इन दि अर्थ’ ही कादंबरी काल रात्री वाचून संपली. शब्दकोश शेजारी घेऊन रोज दहा-बारा पाने वाचायची असा क्रम मी ठेवला होता, पण टोळधाडीच्या प्रकरणापाशी तो मोडला आणि पुढची पाने मी दिवा मालवायचे विसरून वाचली. पुस्तक हातात देताना तू म्हणाला होतास, “आई, पुण्याची नोकरी सोडून जांबोटीच्या पुढे अडीच एकर रान घ्यावेसे आम्हांला का वाटले, ते हे वाचल्यावर तुला कळेल.” मला कळले ते वेगळेच आहे, आणि ते फोनवर बोलण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तू पेर हान्साची गोष्ट वाचलीस. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा हा कोळी १८७३ साली बायकोमुलांना बैलगाडीत घालून अमेरिकेतल्या डाकोटाच्या माळावर येतो, १६० एकर जमीन धरतो, मातीच्या ढेकळांच्या भिंती रचून एकाच छपराखाली घर आणि गोठा बांधतो, आणि आतल्या भिंतींना चुना लावून त्या पांढऱ्याशुभ्र करतो. शेजाऱ्यांच्या आधी घाईने गहू पेरतो. वर बर्फ पडते तेव्हा सगळे बी गेले असे समजून अंथरूण धरतो, आणि गहू उगवून आला असे कळताच उठून उभा राहतो. असा माणूस कोणालाही आवडेल. मलाही आवडला. परंतु त्याच छपराखाली त्याची बायको बेरेट राहते, आणि मी पुस्तक वाचले ते तिच्या बाजूला बसून.

गाडीतून उतरल्यावर बेरेटच्या मनात पहिली गोष्ट येते ती ही, की इथे आडोसा म्हणून काहीच नाही. ती डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये वाढलेली, पोटात मूल असलेली बाई. आणि समोर नजर पोचेल तिथपर्यंत गवत. दिवेलागणीला ती खिडक्यांवर जाड कपडे टांगू लागते, आणि नवऱ्याला हे दिसत असूनही त्याचा अर्थ लागत नाही. त्या पानापाशी मी पुस्तक मिटून ठेवले आणि आपल्या जुन्या घराच्या सोप्यात जाऊन उभी राहिले. मागच्या खिडकीच्या चौकटीत वर ठोकलेले दोन गंजके खिळे तू लहानपणापासून पाहिले आहेस. त्यांना काय अडकवत असत, हे तू कधी विचारले नाहीस आणि मीही आपणहून सांगितले नाही. तुझी आजी त्यांना गोणपाट अडकवत असे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात वीज आली होती, गवताच्या जागी खानापूरची कौले चढली होती, तरीही दिवस मावळायच्या आत सासूबाई ते गोणपाट झटकून, चारही कोपरे ओढून खिडकीला लावायच्या आणि सकाळी चूल पेटवल्यानंतरच काढायच्या. डास येतात, असे त्यांनी मला सांगितले होते. थंडीच्या दिवसांतही ते निघत नसे.

आपले घराणे इथले नव्हे, हे तुला माहीत आहे, पण त्यामागचा तपशील ठाऊक नसावा. तुझे आजोबा चंदगडकडचे. भावकीच्या वाटणीत वाट्याला जेमतेम काही गुंठे आले, म्हणून ते खानापूर तालुक्यात घाटाकडचे रान खंडाने कसायला आले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड आणि खानापूर एकाच बेळगाव जिल्ह्यात होती. त्या दिवशी चंदगड मुंबई राज्यात राहिले आणि आपण म्हैसूर राज्यात गेलो. आजोबा त्यानंतर चार-पाच वर्षांनी आले, म्हणजे कालपरवापर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या गावी परमुलखातले म्हणून आले. उताऱ्यावरचा कन्नड मजकूर त्यांना वाचता येत नसे. शेजारच्या वाडीतले एक कन्नड गृहस्थ तो वाचून त्याचा अर्थ सांगत. डाकोटाच्या माळावर हेच घडते: हद्दीच्या खुंट्यांवर एका भाषेतली नावे, जमिनीवर दुसऱ्या भाषेची माणसे, आणि सरकारी कागद तिसऱ्याच भाषेत.

या कादंबरीचा लेखक ओले एडवार्ट रोल्वाग स्वतः १८९६ साली विशीत नॉर्वेहून अमेरिकेत आला, एका नातलगाच्या शेतावर राबला, पुढे शिकून प्राध्यापक झाला. परंतु ही कादंबरी त्याने अमेरिकेत बसून आपल्या मातृभाषेत लिहिली. ती नॉर्वेत १९२४ आणि १९२५ साली दोन भागांत छापली गेली, आणि इंग्रजीत आली ती १९२७ मध्ये. ज्या राज्यात राहतो तिथली भाषा एक आणि मन मोकळे करायची भाषा दुसरी, ही अवस्था बेळगावच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता त्या खुंट्यांविषयी. शेजाऱ्यांच्या जमिनीत आयरिश नावे कोरलेल्या खुंट्या पेर हान्साला सापडतात, आणि तो कोणाला न सांगता त्या उपटून गोठ्यात लपवतो आणि पुढे जाळून टाकतो. नंतर आयरिश येतात, त्यांना खुंट्या सापडत नाहीत आणि कागदही दाखवता येत नाहीत; सगळे शेजारी पेर हान्साच्या हुशारीचे कौतुक करतात. तूही फोनवर हसत हसत तेच केलेस. फक्त बेरेट हसत नाही, कारण ती ज्या गावातून आली तिथे दुसऱ्याच्या हद्दीच्या खुणेला हात लावण्याइतके मोठे पाप नव्हते, आणि ते पाप रात्री आपल्याच शेजारी झोपलेल्या माणसाने केले आहे हे तिला एकटीला ठाऊक असते. ती शेवटी ते सगळ्यांच्या तोंडावर बोलून दाखवते तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे बांध कोरणे म्हणतात ते हेच.

तुझ्या आजोबांनी उत्तरेकडच्या बांधावरचा हद्दीचा दगड एका रात्री चार हात पलीकडे सरकवला होता. पलीकडच्या रानाचा धनी त्या वर्षी पोटासाठी गोव्यात खाणीवर गेलेला होता. आजीने हे मला तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितले. पाऊस लागायच्या आधीची रात्र होती, आणि दगड हलत नव्हता म्हणून पहार धरायला आजोबांनी तिलाच उठवून नेले होते. त्या चार हातांच्या पट्ट्यात उगवलेली भाजी तिने पुढे आयुष्यभर तोडली नाही. १९७४ मध्ये कर्नाटकात कुळकायद्याची दुरुस्ती झाली, १ मार्चपासून कुळांकडच्या जमिनी सरकारकडे आल्या, आणि फॉर्म नंबर सात भरून लँड ट्रिब्युनलपुढे उभे राहिल्यावर आजोबांच्या नावाने उतारा निघाला. त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली. आजी मात्र जेवली नाही, असे तुझ्या आत्या सांगतात. तू आठवीत असताना बाबांनी मोजणी आणली आणि उत्तरेकडची पट्टी गेली, तेव्हा मोजणीदाराने आपली जमीन खाल्ली असे तू कितीतरी वर्षे म्हणत होतास. त्याने काही खाल्ले नव्हते. बाबांनी ती स्वतःहून सोडली, कारण मी त्यांना आजीचे बोलणे सांगितले होते.

आता पेर हान्साला जमीन देणारा तिकडचा होमस्टेडचा कायदा. तो १८६२ चा. पाच वर्षे राहून जमीन कसली की १६० एकर नावावर, हे ऐकायला किती न्यायाचे वाटते! पण तो भूप्रदेश १८५८ च्या कराराने यँक्टन लोकांकडून काढून घेतलेला होता, आणि पेर हान्साच्या टेकडीवर त्या मूळ लोकांपैकी कोणाचे तरी थडगे आहे, हे कादंबरीत अगदी सुरुवातीलाच कळते. माणसे ते पाहतात, थोडी थबकतात आणि नांगर धरतात. बेरेटला ते विसरता येत नाही. वेडी म्हणून जिची कीव करायची, तीच त्या वस्तीत हिशेब लक्षात ठेवणारी एकटी आहे, असे मला वाचताना सारखे वाटत राहिले.

टोळधाडीचा प्रसंग मी तीनदा वाचला. उभ्या पिकावर टोळ उतरतात, पेर हान्सा घरी धावत येतो तर दार आतून लावलेले. नॉर्वेहून आणलेली आजोबा-पणजोबांच्या काळची मोठी पेटी बेरेटने दाराला लावलेली असते, आणि त्या पेटीत तान्ह्याला आणि धाकट्या मुलीला घेऊन ती स्वतः बसलेली असते. त्याआधी वस्तीवर एक कुटुंब येऊन जाते. त्यातल्या बाईला नवऱ्याने गाडीत दोरीने बांधलेले असते, कारण वाटेत मेलेल्या मुलाला शवपेटीविना माळावर पुरून ते पुढे निघालेले असतात आणि ती पुन्हा पुन्हा मागे पळत असते. बाळ, तुझ्या बाबांच्या पाठीवर एक मुलगी होती. इथल्या पहिल्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. ओढ्याला पूर आलेला असल्याने तीन दिवस गाडी पलीकडे जाऊ शकली नव्हती. मागच्या खिडकीतून जे जांभळीचे झाड दिसते, त्याच्या बुंध्याशी तिला ठेवले आहे. गोणपाट कशासाठी होते, ते आता तुला समजेल. रान हिरवे होते, पाणी होते, भात उत्तम पिकत होते. डाकोटासारखा उघडा माळ आपल्याकडे नव्हता, उलट पावसाळ्यात रान अंगावर येते इतके दाट होते, तरीही आजीला आडोसा लागला तो आतूनच लावावा लागला.

शेवटाबद्दल तू रागावला होतास. १८८०-८१ च्या त्या भयंकर हिवाळ्यात मित्र मरणाला टेकला असता, धर्मगुरूला आणाच, असा हट्ट बेरेट धरते. पेर हान्सा हिमवादळात निघतो, आणि मे महिन्यात तो गवताच्या गंजीला टेकून बसलेला, पश्चिमेकडे डोळे लावून मेलेला सापडतो. तिच्या कर्मठपणाने त्याचा जीव घेतला, हे तुझे म्हणणे मला खोडता येणार नाही. लेखकानेही तिला सोडवून घेतलेले नाही. पण पेर हान्सा तिच्यावर जीव टाकतो, तिच्यासाठी भिंतीला चुना लावतो, तिला जपतो, आणि आठ वर्षांत एकदाही तिला विचारत नाही की तुला इथे राहायचे आहे का. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घरात साचत जाते आणि मग भलत्याच वेळी, भलत्याच तोंडाने बाहेर पडते.

मार्गशीर्षात आपण सगळे तुमची जागा पाहायला गेलो होतो. तू आणि बाबा विहिरीची जागा, काजूची कलमे, गव्यांसाठी कुंपण यांबद्दल बोलत पुढे गेलात. सूनबाई चिमणीला कडेवर घेऊन बांधावर उभी होती. तिने तुला एकच गोष्ट विचारली: “संध्याकाळी इथून कोणाच्या घरचा दिवा दिसतो?” तू म्हणालास, आपण सोलर बसवू, चार दिवे लावू. तिने मान हलवली आणि चिमणीच्या पायाला लागलेले गवताचे कुसळ काढत राहिली. तिने आपल्या दिव्यांबद्दल विचारलेच नव्हते, बाळ.

जमीन घेऊ नकोस असे मी म्हणत नाही. तुझ्या आजोबांचे रक्त तुझ्यात आहे आणि मातीत हात घातल्याशिवाय तुला चैन पडणार नाही, हे मला तू चौथीत असल्यापासून माहीत आहे. परंतु घर रानाच्या मध्यभागी बांधायचा बेत बदल आणि ते धनगरवाड्याच्या वाटेकडे घे. विहीर लांब पडली तर पाइप टाकता येईल. अक्षय तृतीयेला सामान हलवण्यापूर्वी यंदाच्या मृगात चार-सहा दिवस तिघांनी तिथे राहून पाहा, आणि वीज गेलेली असताना, मलप्रभेला पाणी आलेले असताना राहा. म्हणजे मुक्काम हलवायचा तर पुढच्या वर्षी हलवा. मोजणी बाजूच्या दोन्ही धन्यांना बोलावून, त्यांच्यासमोर करून घे आणि त्यांच्याच हाताने दगड रोवून घे. चहाचे मी पाहीन.

हे पत्र सूनबाईला वाचायला दे. वाचून दाखवू नकोस, तिच्या हातात दे आणि चिमणीला घेऊन तासभर बाहेर जा. तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ती ‘आई, आम्ही मजेत आहोत’ एवढी एक ओळ लिहिते. या वेळी तिचे पत्र मला वेगळ्या पाकिटात हवे आहे.

तुझी
आई